भिंतीकडचा डोळा

१

मेलेल्या माशाचा डोळा काही कामाचा नसतो. तासाभरात त्यावर साय धरते, दुसऱ्या दिवशी तो उकडलेल्या अंड्यासारखा होतो. म्हणून कातडी सोलताना डोळे आधी काढून डब्यात टाकायचे. मग कातडीला आतून टाकणखार चोळायचा, फोमच्या अंगावर ती चढवून शिवायची, तीन आठवडे वाळू द्यायची. वाळेपर्यंत तिचाही रंग उडालेला असतो, तो फवारून पुन्हा चढवायचा. काचेचे डोळे सगळ्यात शेवटी. ते बसले की मग माणसं म्हणतात, वा, अगदी जिवंत वाटतो.

अडतीस वर्षं मी हे करते आहे. आधी माझ्याकडे फक्त रंगकाम होतं, बाकी सगळं माझा नवरा व्हर्लिन बघायचा. अडीच वर्षांपूर्वी त्याचा उजवा डोळा गेला. मग डावाही हळूहळू विझत गेला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, थेंब लिहून दिले आणि आमच्याकडे बघायचं टाळलं. आता त्याला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. दुकान माझ्यावर आलं, स्वयंपाक माझ्यावर होताच, आणि व्हर्लिनही माझ्यावर आला. मी सहासष्ट वर्षांची आहे आणि माझा जीव मेटाकुटीला आला होता. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढे मी जे केलं ते कळावं म्हणून सांगते.

व्हर्लिनचा एक नियम होता. गिऱ्हाइकांनी पकडलेले मासे आम्ही भरून देतो ते भिंतीवर टांगायला, म्हणजे त्यांची एकच बाजू दिसते. मी तर सगळ्यांची तोंडं डावीकडेच करते, तेव्हा दिसतो तो डावा डोळा. उजवा कायमचा भिंतीकडे. इकडचे बाकीचे कारागीर भिंतीकडचा खळगा कागदाच्या लगद्याने लिंपून मोकळे होतात. व्हर्लिनने तसं कधी केलं नाही. "दोन्ही बसवायचे," तो म्हणायचा. "गिऱ्हाइकाला दिसत नसेल, माशाला कळतं." लोक हसायचे, तोही हसायचा, आणि दोन्ही बसवायचा.

दुकान माझ्याकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी तो नियम सोडला. एकेका डोळ्यामागे पाऊण तास जातो. लगदा पाच मिनिटांत होतो. आणि त्याला सांगणार कोण?

२

जूनच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी रॉली पावलाक ओल्या टॉवेलात गुंडाळलेला बास मासा घेऊन आला. रॉली पोस्टातून निवृत्त झालेला. रोज बॅरल तळ्यावर जायचा आणि रोज त्याबद्दल थापा मारायचा.

"आर्डिस, आधी बस," तो म्हणाला. "हे उभ्याने बघण्यासारखं नाही."

"मला बसायला वेळ कुठे आहे? दाखव."

एकवीस इंची मासा होता, पोटात भरलेला, एकही ओरखडा नसलेला. रॉलीने त्याचं डोकं उजेडाकडे फिरवलं.

आमच्याकडच्या बासचा डोळा लाल असतो, पिकलेल्या चेरीसारखा. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. माझ्याकडे त्या लाल काचडोळ्यांची एक अख्खी पेटी भरलेली आहे. ह्या माशाचा डोळा तपकिरी होता. कडेला करडं वर्तुळ, आणि खालच्या अंगाला, नाकाच्या बाजूला, मोहरीएवढा पिवळा ठिपका.

"दुसरा?" मी विचारलं.

"दुसराही तसाच. बायको म्हणाली, सोडून दे त्याला. म्हटलं, एक वेळ तुला सोडेन, ह्याला नाही."

मी भिंग लावून बघितलं. गढूळ पाण्यात राहणाऱ्या माशांच्या डोळ्यांचा लाल रंग फिका पडतो. मार बसला तर डोळा काळवंडतो. एकदा एक निळसर डोळ्याचा बास माझ्या हाताखालून गेला होता, आणि एकाच डोळ्याचे तर किती गेले त्याची गणती नाही. तपकिरी असेल एखादा. निसर्गाकडे काही माझ्यासारखी पेटी नसते.

"जसा आहे तसाच कर हं," रॉली दारातून म्हणाला. "सवयीने लाल करून ठेवशील."

ऑगस्टच्या सुरुवातीला मासा वाळला आणि मी कोरी काच घेऊन बसले. तिला मागून रंगवावं लागतं, आधी ठिपका, मग कडं, मग पाठचा रंग. नमुना म्हणून रॉलीने काढलेला माशाचा फोटो समोर ठेवला होता. वीस मिनिटांत डोळा झाला, आणि मग माझ्या लक्षात आलं की फोटो पालथाच पडलेला होता. मी तो एकदाही उचलला नव्हता.

दिसणाऱ्या बाजूचा डोळा बसवला. भिंतीकडे लगदा लावला.

३

व्हर्लिनच्या थेंबांची एक वेळ दुपारी बाराची. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मान मागे टाकून बसतो, रेडिओवर बेसबॉल चालू असतो, मी बाटली घेऊन त्याच्यावर वाकते. थेंब पडला की तो दर वेळी "थंड!" म्हणतो, जणू पहिल्यांदाच पडला.

त्या दिवशी मी नीट बघितलं. व्हर्लिनचे डोळे तपकिरी होते. कडेला करडं वर्तुळ होतं. डाव्या डोळ्यात खाली, नाकाच्या बाजूला, एक पिवळा ठिपका होता. चाळीस वर्षं मी त्या ठिपक्यासमोर बसून जेवले आहे, त्याच्याशी भांडले आहे. आता तिथे काही नव्हतं. दोन्ही डोळे भांडी धुतलेल्या पाण्याच्या रंगाचे झाले होते.

"काय झालं?" तो म्हणाला. "श्वास रोखून का धरलास?"

"पाठ धरली आहे."

"रॉलीचा झाला?"

"झाला."

"दोन्ही बसवलेस ना?"

"दोन्ही."

मी मनाला समजावलं. तपकिरी रंग काय फक्त व्हर्लिनच्या मालकीचा आहे का? निम्म्या गावाचे डोळे तपकिरी. हाताला ओळखीचा रंग सापडला आणि हाताने तो लावला, एवढंच. ठिपक्याचं उत्तर मला सापडलं नाही, म्हणून मी जेवायला वाढलं.

जुलैतच आणखी चार मासे येऊन पडले होते. सगळे बॅरल तळ्याचे, सगळ्यांचे डोळे तसेच. एक शाळेच्या बस ड्रायव्हरचा, एक चर्चच्या ऑर्गनवाल्या बाईचा, एक हार्डवेअरवाल्याचा. पाचवा लाइटनरचा. तो शिकागोचा दातांचा डॉक्टर. तळ्याकाठी त्याची उन्हाळ्यातली केबिन आहे, मेमध्ये येतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कुलूप लावून जातो. एका तळ्यातले, एका आईची पिल्लं असतील, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पाचही डोळे मी फोटो न बघता रंगवले आणि पाचही ठिकाणी भिंतीकडे लगदा भरला.

४

रॉलीने त्याचा मासा घरी नेलाच नाही. बायकोने उंबरठा ओलांडू दिला नाही. तो जूनीच्या खानावळीत लागला, दारूच्या बाटल्यांच्या वर, घड्याळाशेजारी.

शुक्रवारी जूनीकडे तळलेले मासे असतात. सप्टेंबरच्या एका शुक्रवारी चार वाजता, गर्दी व्हायच्या आत, मी दोन ताटं बांधून घ्यायला गेले. जूनी माझ्या शाळेतली. तिने न विचारता माझ्यासमोर ब्रँडी ठेवली.

"तुझं तोंड बघ," ती म्हणाली. "ह्या माशाचं तोंड तुझ्यापेक्षा ताजं आहे."

"त्याला मी रंगवलंय. मला कोण रंगवणार?"

ती हसली आणि मग हसायची थांबली. मी तिला सांगितलं. आणखी कोणाला सांगितलं नव्हतं. शाळेमागच्या वृद्धाश्रमात मी व्हर्लिनसाठी जागा धरली होती. ऑक्टोबरच्या एक तारखेपासून. कागदावर सही झाली होती.

"त्याला काय म्हणालीस?"

"काही नाही. त्या दिवशी सकाळी सांगेन."

"आर्डिस!"

"मग काय करू? दिवसातून चार वेळा थेंब, दोनदा आंघोळ, रात्रीतून तीनदा हाक. मला झोपायचंय, जूनी. मला एक आठवडा फक्त झोपायचंय."

हे बोलताना मला वर बघावंसं वाटलं नाही. आणि वर बघावंसं वाटत नाही हे लक्षात आल्यावर बघितलं. मासा होता तसा होता, डावीकडे तोंड करून. पण मी जिथे बसले होते तिथे त्याचा डोळा नेमका येत होता. आपलाच हात, आपलीच काच, आपलाच रंग, मी स्वतःला म्हटलं. तरी मी ग्लास उचलून टोकाच्या स्टुलावर जाऊन बसले, खांबाच्या आड. जूनीने ते पाहिलं आणि ताटं बांधायला वळली.

५

व्हर्लिन टेबलाशी वाट बघत होता. मी ताट उघडून दिलं, बटाटा कुठे आहे आणि पाव कुठे आहे ते त्याच्या बोटांना दाखवलं. तो बराच वेळ जेवत राहिला. अलीकडे तो खुशीत असायचा. मला बरं वाटायचं आणि त्याचं कारण विचारायची भीतीही वाटायची.

"तुझ्या निळ्या स्वेटरच्या कोपराला भोक पडलंय," तो म्हणाला.

पडलं होतं. हात लागला असेल त्याचा, मी मनात म्हटलं.

"जूनीचं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे."

ते अख्ख्या गावाला माहीत आहे. दुकान वेळेत बंद करता यावं म्हणून सगळेच खानावळवाले पुढे ठेवतात.

त्याने पावाचा तुकडा ताटावर फिरवला आणि अगदी सहज विचारलं, "तू जागा का बदललीस?"

रेडिओ बंद होता. फ्रीजचा आवाज येत होता, तो थांबला. मी म्हटलं, "कुठली जागा?"

"असू दे," तो म्हणाला. "तुला सांगणार नव्हतो, तू डॉक्टरला फोन करशील म्हणून. आर्डिस, मला डाव्या डोळ्याने दिसतं कधीकधी. उंचावरून. ऐकू काही येत नाही. पण हार्डवेअरवाला गल्ल्यामागे झोपतो, ऑर्गनवाली बाई एकटीच पत्ते खेळते आणि स्वतःलाच फसवते. मला इतकं हसू येतं." तो खरोखर हसत होता. मग त्याने उजवा डोळा मुठीने चोळला. "ह्या बाजूला मात्र काहीतरी आहे. अगदी जवळ. टेकलेलं. पांढरं, खडबडीत. पापणी मिटली तरी हलत नाही."

मी त्याची मूठ डोळ्यावरून खाली ओढली.

"तू दोन्ही बसवतेस ना?" त्याने विचारलं.

अजूनही मला खरं बोलता आलं असतं. "हो म्हटलं ना," मी म्हणाले, आणि ताटं उचलली.

६

पुढच्या दोन आठवड्यांत त्याने उजवा डोळा चोळून चोळून रक्तबंबाळ केला. मी त्याला हातमोजे घातले, तो काढायचा. थेंब वाढवले. डॉक्टर म्हणाले की गेलेल्या डोळ्यातही भास होतात, मेंदूला सवय असते. समंजस उत्तर होतं. मला ते हवं होतं आणि मी ते पदर पसरून घेतलं असतं. पण मला माहीत होतं तिथे काय टेकलेलं आहे. मीच ते पाच मिनिटांत लिंपलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी मी गाडी काढली. मासे परत आणायचे, भिंतीकडचे डोळे रंगवून बसवायचे, एवढंच ठरवलं होतं. लोकांना सांगितलं की रंगाला तडे जातायत, दुरुस्त करून देते. हार्डवेअरवाला जांभई देत म्हणाला, घेऊन जा. ऑर्गनवाल्या बाईने पत्ते झाकले. बस ड्रायव्हरने स्वतः काढून दिला.

जूनीकडे अजून खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. ती शिडी धरून उभी राहिली, मी चढले. मासा खिळ्यावरून उचलला आणि मला त्याच्या मागची भिंत दिसली.

जूनीची भिंत हिरव्या रंगाची आहे, वीस वर्षांच्या धुराने काळपटलेली. माशाच्या उजव्या डोळ्याची जागा जिथे येत होती तिथे नाण्याएवढा गोल होता. रंग गेलेला, खालचा गिलावाही झिजलेला, आणि आतून लाकूड गुळगुळीत झालेलं. मासा तिथे लागून पाच आठवडेही झाले नव्हते. मी बोट लावलं. ओलसर लागलं.

"काय आहे?" जूनीने खालून विचारलं.

"काही नाही. खिळा हलत होता."

"बरं झालं नेतेस ते. त्याच्याकडे बघून लोकांना बिअर आंबट लागायला लागली होती."

लाइटनरच्या केबिनला कुलूप होतं. पोर्चवरून काचेतून दिसत होतं, सोफ्यांवर पांढऱ्या चादरी आणि शेकोटीच्या वर त्याचा मासा, खिडकीकडे बघणारा. त्याला शिकागोला पत्र टाकायला हवं होतं, किल्ली मागवायला हवी होती. मी पोर्चच्या पायरीवर बसले आणि मला उठवेना. एक राहिला तर राहिला, मी म्हटलं. हे मी मोठ्याने म्हटलं.

७

चारही मासे मी कामाच्या टेबलावर उभे करून ठेवले. शुक्रवारची दुपार होती. शनिवारी एक तारीख होती. मी चार कोऱ्या काचा काढल्या, तपकिरी रंग काढला, ब्रश धुतला.

दाराच्या चौकटीला हात लागल्याचा आवाज आला. व्हर्लिन महिनोन्महिने दुकानात फिरकला नव्हता. तो दारातच थांबला. तोंड माझ्याकडे नव्हतं, भिंतीकडे होतं.

"चौघांना एकत्र ठेवलंस," तो म्हणाला. "मला तू चार वेळा दिसते आहेस."

मी वळले नाही.

"चारही ठिकाणी दमलेली दिसतेस."

"काम आहे, व्हर्लिन. जा बरं आत."

"जातो." पण गेला नाही. "एक तारखेला काय वार आहे?"

"शनिवार."

"म्हणजे उद्या. जूनीला सांगत होतीस तेव्हा तुझे ओठ दिसले होते मला." त्याने चौकट चाचपली, जशी घोड्याची मान थोपटावी तशी दोनदा थोपटली. "बरं. माझं करडं जॅकेट भर. तिथे गार असतं म्हणतात."

तो गेला. मी ब्रश हातात धरून बसले आणि मला रडू फुटलं. त्याने ओरडायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या. मी तोंड झाकलं, आणि झाकलेल्या बोटांमधून मला ते दिसले. चार डोळे, चार पिवळे ठिपके, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. रडतानाही मला कोणी एकटं सोडत नव्हतं.

लाल डोळ्यांची पेटी फळीवरच होती. मी पहिल्या माशाचा तपकिरी डोळा टोच्याने उचकटला आणि लाल बसवला. लगदा खरवडून भिंतीकडेही लाल बसवला. आता दोन्ही बसवले, मी म्हणत होते, नियमाप्रमाणे दोन्ही. मग दुसरा. मग तिसरा. स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. मी चौथा उचकटला.

"आर्डिस," तो आतून म्हणाला. आवाजात राग नव्हता. "एकच उरला."

मी पेटी बंद केली आणि जॅकेट भरायला गेले.

८

मी आठवडाभर झोपले. मग उठले, मासे परत केले. रॉली कुरकुरला, "जसा आहे तसा कर म्हटलं होतं." मी म्हटलं, रंग उडाला होता. जूनीच्या भिंतीवर तो गोल रॉलीच्या माशाने पुन्हा झाकला गेला. नंतर त्या तळ्यातून आलेल्या माशांचे डोळे लालच होते, आणि त्याबद्दलही कोणी विशेष बोललं नाही.

मी दर रविवारी दुपारी व्हर्लिनकडे जायची. तिथली नर्स भली बाई होती. "त्यांना मधोमध बसवलं तरी खुर्ची भिंतीशी नेतात," ती म्हणाली. "उजवा गाल भिंतीला लावून बसतात. तिथला रंग जायला लागलाय बघा."

मी बघितलं नाही.

"कसा आहेस?" मी त्याला विचारलं.

"तिथे कोणी नाही, आर्डिस," तो म्हणाला. "सोफ्यांवर चादरी आहेत. एक माशी होती, तीही परवा मेली. समोर खिडकी आहे, तिच्यातून तळं दिसतं. कडेने गोठायला लागलंय." त्याने गाल भिंतीवरून उचलला. "ते लोक मेमध्ये येतील ना?"

"येतील."

"मग काही नाही. मेपर्यंत काय, सहाच महिने."

मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगते: लाज वाटली. त्याच्याजवळ पाच खिडक्या होत्या, त्यांतली सगळ्यात रिकामी मी त्याच्यासाठी ठेवली होती. हे सगळं खरं नाही, म्हातारपणाचे भास आहेत, असं मला अजूनही म्हणता येत होतं. पण तसं म्हटल्याने लाज जात नव्हती.

बुधवारी मी बॅरल तळ्याला गेले. बर्फ भुरभुरत होता, पहिलाच. केबिनच्या पायऱ्यांवर कोणाचं पाऊल नव्हतं. मी पोर्चवर चढले, खिडकीच्या काचेवरचा बर्फ बाहीने पुसला आणि कपाळ काचेला टेकवून आत बघितलं. चादरी. शेकोटी. तिच्यावर मासा. अंधूक होतं, पण त्याचा डोळा मला दिसत होता.

मी हात हलवला. भर दुपारी, एकटी, रिकाम्या घराला. "व्हर्लिन," मी म्हणाले, "मी आले आहे." डोक्यावरची टोपी काढली, म्हणजे त्याला ओळखू येईल. काच इतकी गार होती की कपाळ सुन्न झालं. दहा मिनिटं थांबले असेन. परत गाडीकडे जाताना माझी येतानाची पावलं बर्फाने भरली होती, हे लक्षात आलं. घरी पोचल्यावर कपाळावर एक नाण्याएवढी जागा गारच राहिली. गरम पाण्याचा फडका ठेवला, तरी गारच. दमलेय, मी म्हटलं. हल्ली मी सगळ्याला तेच म्हणते.

रविवारी मी गेले तेव्हा व्हर्लिन भिंतीशी बसला होता, पण चेहरा उजळलेला. मी खुर्ची ओढली.

"आलीस," तो म्हणाला.

"ही काय, आत्ताच."

"इथली नाही म्हणत. तिथे. बुधवारी आलीस ना? टोपी काढलीस. मी किती खूश झालो, तुला काय सांगू." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या पांढुरक्या डोळ्यांतून. "पण तू आत का येत नाहीस?"

"कुलूप आहे, व्हर्लिन. मी दहा मिनिटं थांबले आणि परत आले."

त्याने मान हलवली, नाही अशी.

"हा बघ माझा हात," मी म्हणाले, आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो नीट चाचपला. अंगठी, टाकणखाराने फुटलेली बोटं, मनगटावरची जुनी खूण.

"तुझाच आहे," तो सावकाश म्हणाला. "हात तुझाच आहे."

"मग?"

"ती अजून तिथेच आहे. काचेला कपाळ लावून. केसांवर बर्फ साचलाय." त्याने माझा हात घट्ट धरला आणि विनवणीच्या सुरात, जसं घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाला, "तिला जरा सांग ना, आर्डिस. बस म्हणावं. चार दिवस झाले, उभीच आहे."